उघडा ट्रेलर

३ मार्च, रविवार

पिकअप गेली. काल गॅरेजवाल्याने ती वर उचलली, खालच्या फ्रेमला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला. बारा हिवाळे बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लंय तिने. यापुढे हिला काही बांधायचं नाही, असं त्याने बजावलं. लोवेलने मान हलवली. घरी येऊन सूप प्यायला आणि म्हणाला, ‘म्हणजे ट्रेलरही गेला.’

बरोबर आहे. आमचा बंद ट्रेलर रिकामाच सव्वीसशे पौंड. माझी गाडी एकूण साडेतीन हजार ओढते, वर एक पौंडही नाही. आणि ट्रॅकवर पळवायची ती छोटी लाल गाडी, मियाटा, बावीसशे दहा. तेव्हा आता हलका ट्रेलर हवा. हलका म्हणजे ॲल्युमिनियमचा. आणि उघडा — भिंती नाहीत, छप्पर नाही, चाकांपुरत्या दोन लांब पट्ट्या आणि खाली चाकं.

निवडायचं काम माझ्याकडे. वजनातलं मला कळतं, असं नवऱ्याचं म्हणणं. कळतंच. एकोणीस वर्षं धान्याच्या सोसायटीत काट्यावर बसते. ट्रक भरलेला येतो, रिकामा जातो, मधला फरक मी लिहिते.

४ मार्च, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. नोव्हेंबरपासून कुठेच लिहिली नाही. लिहून टाकते.

नाताळच्या दिव्यांचा डबा बंद ट्रेलरमध्ये असतो, अगदी पुढच्या फळीवर. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी मी तो आणायला गेले. लोवेल घरी नव्हता. दार उघडलं. आत मियाटा — उजवी बाजू पार आत गेलेली. दार दुमडलेलं, पुढचं चाक वाकडं. हातमोजे सीटवर तसेच टाकलेले.

सप्टेंबरात ट्रॅकवरून परत आला तेव्हा त्याने सांगितलं होतं, गिअरबॉक्स गेला. दोन महिने ती गाडी त्या खोक्यात होती आणि मी रोज त्याच्या बाजूने कामाला जात होते!

मी गाडीला चिकटून पुढे गेले, डबा काढला, दार लावलं. दिवे लावले. संध्याकाळी तो आला. बराच वेळ वर बघत उभा राहिला. म्हणाला, ‘यंदा लवकर लावलेस.’ बस्स, तेवढंच. डबा कुठे असतो हे त्याला कुठलं आठवायला!

जानेवारीत मिचच्या शेडमध्ये गाडी दुरुस्त झाली. मिच त्याचा शाळेपासूनचा मित्र, वेल्डिंगचं काम करतो. गाडी परत आली तेव्हा उजवं दार जरा जास्तच लाल. गिअरबॉक्सला रंग लागतो हे मला नवीन.

मी विचारलं नाही. तो सांगेल म्हणून थांबलेय. आमच्या दोन्ही घरांत हीच रीत. सासूबाई तर न विचारता कुणी काय केलं ते ओळखायच्या आणि पुढची वीस वर्षं तेही बोलायच्या नाहीत.

म्हणून उघडाच ट्रेलर घ्यायचा. वजनासाठी — हो, वजनासाठीच. पण उघड्यावरून काही लपवून आणता येत नाही.

८ मार्च, शुक्रवार

शुक्रवार म्हणून क्लबात तळलेला मासा. मिचही होता. त्याला उघडा ट्रेलर पसंत नाही. म्हणे, उघड्यावरून गाडी नेणं म्हणजे चड्डीवर बाजाराला जाणं. पेट्रोल भरायला थांबलं की लोक गोळा होतात. आणि ठोकून आणली तर तीन तालुके बघतात. एवढं बोलला आणि एकदम कोबीच्या सॅलडमध्ये घुसला. त्याला माहीत आहे, अर्थात. दार त्यानेच बसवलंय.

लोवेलने काटा उचलला होता, तो तोंडाजवळ तसाच राहिला. खिडकीबाहेर बघत होता. मिचने दोनदा हाक मारली. मग म्हणाला, ‘उघडाच बरा. जे असेल ते दिसतं.’

हे माझं वाक्य होतं! सोमवारपासून जपून ठेवलेलं. त्याने माशाबरोबर खाऊन टाकलं.

१६ मार्च, शनिवार

पहिला ट्रेलर बघितला. एका शेतावर, पोलादी, वर लाकडी फळ्या. सोळाशे चाळीस पौंड. मी तिथेच बेरीज करून दाखवली — मियाटा धरून अडतीसशे पन्नास. शेतकरी म्हणाला, ‘बाई, तुम्ही वजन वजन काय करता? दणकटपणा बघा. यावर मी बैल नेलाय.’ मी म्हटलं, बैल माझ्या गाडीने ओढला नव्हता. लोवेल हसला. किती दिवसांनी.

जाताना-येताना गाडी मीच चालवली. हिवाळ्यापासून असंच आहे. किल्ली माझ्या हातात देतो, स्वतः बाजूला बसून शेतं बघतो. सव्वीस वर्षांच्या लग्नात हे कधी केलं नव्हतं. मला आवडतं — उगाच कशाला खोटं बोलू.

२३ मार्च, शनिवार

दुसरा. शहरातल्या दुकानात, कोरा. सातशे ऐंशी पौंड! मी तर भुलले. पण खाली एकच आस, म्हणजे दोनच चाकं. महामार्गावर एक टायर फुटला की संपलं. आणि चाकावरचा मडगार्ड इतका उंच, की गाडी वर चढवल्यावर तिचं दारच उघडणार नाही. लोवेलने टेप लावून मोजलं, चार इंचांनी अडत होतं. विकणारा पोरगेला होता, म्हणाला, ‘सर, सगळे खिडकीतूनच बाहेर पडतात.’

‘माझं पोट कुठून बाहेर पडेल ते सांग,’ लोवेल म्हणाला.

परतताना झोपला. झोपेत डावा हात मांडीवर हलत होता.

३० मार्च, शनिवार

पाऊस आणि बर्फ एकत्र. लोवेल दुपारभर बंद ट्रेलर झाडत होता, दार सताड उघडं टाकून. मी खिडकीतून बघितलं. हाक मारली नाही.

६ एप्रिल, शनिवार

मिळाला. ॲल्युमिनियम, दोन आस, म्हणजे टायर फुटला तरी दुसरा तोल धरतो. मडगार्ड दोन पिना काढल्या की निघतो, दार पूर्ण उघडतं. जोड सगळे बोल्टचे. एकेका बोल्टवरून बोट फिरवलं, कुठे ढिला नाही.

विकणाऱ्या बाई पंचाहत्तरीच्या, ॲर्डिस. ट्रेलर त्यांच्या नवऱ्याचा. पट्ट्यांवर अजून त्याच्या पांढऱ्या टेपच्या खुणा — पुढचं चाक इथे थांबवायचं, मागचं इथे. मी वजन विचारलं, टायर किती जुने, ब्रेक कधी केले, सगळं विचारलं. बाई सांगत गेल्या. मग लोवेलने विचारलं, ‘का विकताय?’

बाईंनी हात एप्रनला पुसले. म्हणाल्या, ‘तुमच्याआधी चार जण आले. चौघांनी वजन विचारलं. हे कुणी नाही विचारलं.’ मग आत खिडकीकडे मान केली. पडद्यामागे एक म्हातारा बसला होता, पायांत बूट, अंगावर जाकीट. ‘अंगणात ट्रेलर दिसला की तो रोज सकाळी तयार होतो. दुपारी मी बूट काढते. आता मला वाकवत नाही.’

लोवेल त्या खिडकीकडे किती वेळ बघत होता! मी खुणा मोजत होते.

परक्या बाईला बरं विचारता येतं त्याला. येताना हे मनात सारखं. विचारणारा तो — मग सांगणारा कोण?

८ एप्रिल, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत ट्रेलर काट्यावर घेतला. एक हजार बारा पौंड. बाईंनी हजार सांगितलं होतं. बारा पौंडांची तर धूळच असेल.

मियाटा धरून बत्तीसशे बावीस. उरले दोनशे अठ्ठ्याहत्तर. चार जादा चाकं, जॅक, अवजारांची पेटी, दोन खुर्च्या. लोवेलने मोठी पेटी काढून लहान घेतली. एरवी एका पान्यासाठी भांडला असता.

२० एप्रिल, शनिवार

गाडी नेमकी कुठे उभी करायची ते आज ठरवलं. फार मागे राहिली तर हुकावर वजन पडत नाही, साठच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जातो. फार पुढे गेली तर माझ्या गाडीचं ढुंगण रस्त्याला टेकतं. म्हणून काट्यावरच केलं. शनिवार, अंगण रिकामं. लोवेल मियाटात, मी खाली. दोन इंच पुढे. थांब. एक इंच मागे. हुकावर तीनशे पंचेचाळीस. थांब, हेच.

ॲर्डिसबाईंच्या पांढऱ्या खुणा मी काढल्या नाहीत. त्यांच्यापुढे हातभर अंतरावर आपली निळी टेप लावली.

गुडघ्यावर बसून टेप दाबत होते. वर त्याचं इंजिन बंद झालं. उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, समोर काहीच नव्हतं, नुसते धान्याचे उंच सायलो.

‘ग्रेटा.’

‘काय?’

‘काही नाही. टेप नीट चिकटव.’

मी चिकटवली. पण तेव्हा विचारता आलं असतं. जास्तच लाल असलेलं ते दार माझ्या नाकासमोर होतं. एक बोट लावून म्हणायचं होतं, हे काय? आणि माझ्यात एक हट्टी बाई आहे, ती म्हणाली — नाही, आधी तो. पाच महिने मी थांबलेय, आता मी का वाकू?

हे लिहिताना लाज वाटते. थांबणं म्हणजे समजूतदारपणा, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मी त्याची परीक्षा घेतेय. गुण द्यायला वही उघडून बसलेय.

११ मे, शनिवार

बंद ट्रेलर गेला. एक मधमाश्यावाला घेऊन गेला, त्यात पेट्या ठेवणार म्हणे. जाण्याआधी लोवेलने आतलं सगळं काढलं. दिव्यांचा डबा त्यानेच गॅरेजात आणून ठेवला, माझ्या हाताला येईल अशा उंचीवर. ‘इथे बरा ना?’ म्हणाला. मी म्हटलं, बरा.

२४ मे, शुक्रवार

सकाळी सातला ट्रॅककडे निघाले, तो आणि मिच. शर्यत नाही ही. प्रत्येकाने आपापली गाडी वळणांवर मनसोक्त फिरवायची, दोन दिवस. मला या शनिवारी काट्यावर काम आहे. या वेळी चालवायला तोच बसला. किल्ली घेताना मिचकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बसला.

चाकांवरचे पट्टे मी स्वतः ओढून बघितले. गाडी निळ्या टेपवर बरोबर. उघड्या ट्रेलरचं एक आहे — जाताना शेवटपर्यंत दिसतं. चर्चच्या वळणापर्यंत लाल दिसत होतं, आणि त्यातलं जास्त लाल.

मला बरं वाटलं. आता जे होईल ते याच रस्त्याने, दिवसाढवळ्या, उघड्यावर परत येईल.

२५ मे, शनिवार

दुपारी मेसेज — ‘हवा छान. पहिली फेरी झाली.’ मी लिहिलं, सांभाळून. पुढे उत्तर नाही.

२६ मे, रविवार

साडेतीनला आले. खिडकीतून दिसले. चालवत मिच होता. ट्रेलर रिकामा — नुसत्या पट्ट्या आणि त्यावर निळी टेप.

लोवेल उतरला. कुठे खरचटलेलं नाही. अंगणात उभा राहूनच बोलला. पाचव्या वळणापासून आठव्यापर्यंतचं त्याला काहीच आठवत नाही. गाडी चालत होती, तो तिथे नव्हता. आठव्याला भानावर आला, ट्रॅक सोडून आत वळला, किल्ली मिचला दिली, गाडी तिथेच एकाच्या शेडमध्ये ठेवली. सप्टेंबरातही हेच झालं होतं. तेव्हा मधे भिंत होती, एवढाच फरक.

‘मला सांगायचंस,’ मी म्हटलं.

‘तू दिवे लावलेस ना,’ तो म्हणाला, ‘त्या दिवसापासून वाट बघत होतो. तू विचारशील म्हणून.’