तुरमायच्या गावात

सावली, ४ फेब्रुवारी २०२४

चि. दिव्यानीस बाबाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुहा आवाज ऐकला का मले बोलाचं सुचत नाई, म्हणून लिहून राह्यलो. तब्येत बरी आहे. तुही आई वारल्यापासून घरात बोलाले कोणी नाई. नूतनआत्या भाजी देऊन जाते अन् तू कधी येतं तेच विचारते. तुही ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नोकरी होती तवा तू दर रविवारी बसनं येत होती. आता तुही कंपनी तुले तिकडं परदेशातच आणखी दोन वर्षं ठेवतो म्हणते. त्या अलेक्झांड्रियात आपलं कोण आहे, पोरी? परत ये, एवढंच मागणं.

तुहा बाबा,
श्रावण


अलेक्झांड्रिया, १ मार्च

ती. बाबांना दिव्यानीचा जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. ते पिशवीत घेऊनच आज बंदरावर गेले.

हे गाव म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. पुढे समुद्र, मागे तळं. समोर एक बेट होतं. जुन्या राजांनी तिथवर दगडी बांध घातला, त्याच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला, आणि आज त्या गाळावर बाजार आहे, मशिदी आहेत. माझी खोलीही तिथंच. बेटाच्या टोकाला आपल्या ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीसारखा उंच दीपस्तंभ होता, वर आग पेटलेली. भूकंपांनी तो पडला. मी भाड्याच्या नावेत बसले, नावाड्याने पाणी नितळ होतं तिथे नाव थांबवली. खाली त्या स्तंभाचे बैलगाडीएवढे दगड दिसले, त्यांवरून मासे फिरत होते.

आणि बाबा, सम्राट अशोकांनी शिलालेखात दूरदूरच्या राजांची नावं कोरली, त्यांत तुरमाय आहे. धम्म त्याच्याही देशी पोचला, असं तिथं लिहिलंय. तो तुरमाय याच गावातून राज्य करायचा. मी धक्क्यावर बसून तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

तरी तुम्ही म्हणाल तर येते. मनात अढी ठेवणार नाही. माया असू द्या.

तुमची
दिव्यानी


सावली, २० मार्च

चि. दिव्यानीस मंगल कामना.

तुही चिठ्ठी विहारात वाचून दाखवली. तुरमायचं नाव आलं तवा सीताबाईनं पुन्हा वाचाले लावलं. मंग म्हणे, तवा मोटार नाई, विमान नाई, एवढ्या दूर धम्माचं बोलणं गेलं कसं?

घरी येताना तेच डोक्यात होतं. कोणी माणसं गेलेच असतीन. त्याइच्याही बापानं जाऊ नको म्हटलंच असन. ते ऐकून घरी बसले असते तर?

तू राह्य. आत्याले मी समजावलं.

वैनगंगेहून मोठं पाणी मी पाह्यलं नाई. पासपोर्टसाठी उद्या चंद्रपूरले जाऊन राह्यलो. हिवाळ्यात येऊ का उन्हाळ्यात, तेवढं कळव.

तुहा बाबा