न थापलेल्या वड्या

मुरुड, ता. ६ फेब्रुवारी १९३४

सौ. राही हिला,

आशीर्वाद लिहायची चाल आहे, पण आत्ता ते तूच मला द्यावेस.

मुलगी झाली म्हणून मी गप्प बसलो, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तसं नाही गं. चार दिवस पत्रं लिहून फाडतोय. मासिकांसाठी एवढ्या गोष्टी लिहितो, पण बाप म्हणून एक ओळ सुचेना.

शेवटी वड्या करून शाळेत वाटाव्यात म्हटलं. नारळ आणि गूळ, दोनच जिन्नस. तासभर ढवळलं, तरी आळेना. घरमालकीण जहुराबी डोकावल्या.

"मास्तर, हा अडसर हाय, कवळा नारळ. याची वडी न्हाय व्हायची."

आपण घाटावरची माणसं, आपल्याला सगळे नारळ सारखेच. त्यांनी उंबऱ्यात बसून वाटीभर खाल्लं आणि विचारलं, "पोरगी कोनासारखी हाय?" मी म्हटलं, अजून पाहिली नाही. उरलेलं मी दोन दिवस एकटाच खात होतो.

बाकी प्रकृती ठीक. तू डिंकाचे लाडू खातेस ना? 'पुढच्या वेळी बघू' असं आईचं पत्र तुलाही आलं असेल, तर चुलीत घाल.

रजा मिळो न मिळो, शनिवारच्या बोटीने निघतो. तोवर बारसं थांबव. ते बायकांचं असतं, बापाचं तिथं काम नसतं, ठाऊक आहे. मी दाराशी उभा राहीन.

तुझा,
धर्माजी