रडणाऱ्या बाईचा पार्ट

२ फेब्रुवारी
संध्याकाळच्या साक्षरता वर्गातल्या बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, अक्षर वळेल. या वयात अक्षर वळवून मी कुठे जाणार आहे? पण वही घेतलीच आहे, तर लिहिते.
आज कान्देलारियाचा सण. जानेवारीत तीन राजांच्या सणाला ज्याच्या पावाच्या तुकड्यात बाहुली निघते, त्याने आज सगळ्यांना तमाल, मक्याच्या पानात वाफवलेले पिठाचे मुटके, खाऊ घालायचे असा रिवाज. खाऊ घालतात कसले! माझ्या पातेल्यातून विकत नेतात आणि आम्हीच वाफवले म्हणून सांगतात. दुपारच्या आत पातेलं रिकामं. शेजारी फुलं विकते ती एर्मेलिंदा, माझ्या पोरीची धर्ममाय, म्हणून माझी कोमाद्रे. ती म्हणाली, दोमितिला, आज सणाचं तरी गिऱ्हाइकांवर खेकसू नकोस. मी खेकसत नाही. मी सांगते. लोकांना कमी ऐकू येतं.
राजधानीहून सिनेमावाले आलेत. एकाच्याही अंगावर मांस नाही.

३ फेब्रुवारी
डायरेक्टरचं नाव लेओपोल्दो. वेणी घालतो. लहान मुलांसाठी कार्टून फिल्म काढतोय आणि त्यात इकडची भुतं हवीत म्हणे. राजधानीतली संपली वाटतं.
चौकात सगळ्यांना विचारत होता, नदीकाठची रडणारी बाई कुणी पाहिली का? ज्याने त्याने पाहिलेलीच. चांभार पेत्रोनिलो म्हणाला, तिने मला नावाने हाक मारली. याला बायको नावाने हाक मारत नाही, भूत मारणार!
मग माझ्याकडे आला. मी म्हटलं, बाबा, ती बाई आपल्या हाताने पोरं नदीत घालवते आणि मग शेकडो वर्षं पांढरा झगा घालून हाय माझी लेकरं, हाय माझी लेकरं करत फिरते. रडून काय होतं? पोरं हरवली तर शोधायची. दुसऱ्यांची झोप कशाला मोडायची? त्याने सगळं लिहून घेतलं. अतोलेचा, मक्याच्या गरम पेजेचा, अजून एक पेला मागितला. तोच पेला पुढे केला. दोन दोन पेले कोण धुणार?

५ फेब्रुवारी
लेओपोल्दो सकाळपासून समोरच्या पायऱ्यांवर बसून माझी चित्रं काढतोय. मी ढवळताना, मी वाढताना, मी एकाला उधारी नाही म्हणून सांगताना. शंभर माणसं सोडून माझंच चित्र. मी काय ते समजले.
फिल्ममध्ये बाई एकच आहे. ती रडणारी.
म्हणजे मी.

६ फेब्रुवारी
एर्मेलिंदाला सांगितलं. तिने झेंडूची जुडी खाली ठेवली आणि हसली. म्हणाली, तू आणि रडणारी? अगं, फाउस्तिनोला पुरलं तेव्हा तू खड्डा वाकडा खणला म्हणून खणणाऱ्यांशी भांडत होतीस. म्हटलं, वाकडा होताच. नवरा जन्मभर पिऊन वाकडा चालला, निदान निजेल तरी सरळ.
तिला नाही कळायचं. माझ्या चेहऱ्यात दुःख आहे. आतून आहे. लेओपोल्दो शिकलेला माणूस, त्याला दिसलं.

७ फेब्रुवारी
एक गोष्ट ठरली. फिल्म लागली की माक्लोव्हियाला कळेल. माझी पोर. उरुआपानला असते, बसने जाऊन दुपारी परत येता येतं इतकं जवळ. पण लग्न झाल्यापासून इकडे फिरकत नाही. कारण काय, तर लग्नात मी म्हटलं, नवरामुलगा बुजगावण्यासारखा दिसतो. माइकवर म्हटलं हे खरं. पण दिसत होता. नंतर नातीच्या बाप्तिस्म्याला मुद्दाम चांगलं बोलायचं ठरवून गेले आणि म्हटलं, नाक बापावर गेलंय बिचारीचं, पण देव बघून घेईल. नात दोन महिन्यांची होती. आमापोला नाव. आता चालत असेल, बोलत असेल.
एर्मेलिंदाशी माक्लोव्हिया दर रविवारी फोनवर बोलते. माझा फोन लागत नाही. माझ्या घराकडे रेंज नाही, त्याला ती काय करणार?
पडद्यावर आईला एवढं रडताना बघितलं की दगडालाही पाझर फुटेल. येईल. माफी मागेल. मी देईन.

९ फेब्रुवारी
आजपासून:
गोड बंद. भूत सडपातळ असतं.
हळू बोलायचं.
रोज नदीवर जाऊन रडायचा सराव.

९ फेब्रुवारी, दुपार
अननसाचा तमाल फुटला होता. फुटलेला विकता येत नाही. खाल्ला. तो धरायचा नाही.
हळू बोलले तर गिऱ्हाईक म्हणे, दोन्या दोमितिला, बाईसाहेब, बरं नाही का? डॉक्टरकडे नेऊ का? या गावात माणसाने सुधारायचं म्हटलं तरी सोय नाही.

१२ फेब्रुवारी
नदीवर गेले. हाय माझी लेकरं म्हणून बघितलं. पाणी येईना डोळ्यांत. फाउस्तिनो आठवला. उलट रागच आला. माक्लोव्हिया लहानपणी वेण्या घालून घेताना पळायची ते आठवलं, तर तेव्हाही मी तिच्यावर ओरडत होते असंच आठवलं. मग मोठ्याने नुसताच आवाज काढला. पलीकडच्या काठावरून एक म्हातारा ओरडला, गाय अडलीय का हो?
मूर्ख म्हातारा. गाय आणि बाई यातला फरक कळत नाही.

१७ फेब्रुवारी
परीक्षा झाली!
शाळेच्या एका खोलीत सगळ्या भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. मध्ये माइक. लेओपोल्दो म्हणाला, दोन्या, समजा, ती रडणारी बाई तुमच्या दारात आली. ठक ठक. दार उघडलं. तुम्ही काय म्हणाल?
मला कळलं. आधी घसा मोकळा करून घेतात, मग रडायला लावतात. म्हणून मी मनात येईल ते बोलले. म्हटलं, काय गं ए, रडतेस काय दारात? पाय पूस आधी. नदीचा चिखल घेऊन आलीस घरभर. पोरं हरवली? मग इथे काय करतेस, माझ्या पातेल्यात आहेत का तुझी पोरं? जा, शोध! रडून कुणाची पोरं मिळाली? आणि केस विंचर, भूत झालीस म्हणून काय झालं!
खिडकीच्या काचेपलीकडचे सगळे सिनेमावाले तोंडं दाबून बसले होते. काही जणांच्या डोळ्यांत पाणी. लेओपोल्दोने येऊन मला मिठीच मारली. म्हणाला, हेच हवं होतं दोन्या, अगदी हेच.
रडायची पाळीच आली नाही. पहिल्याच फटक्यात पास. पेत्रोनिलोला पण बोलावलं होतं, त्याला काय दिलं? घोड्याचा आवाज. शोभतो.

१८ फेब्रुवारी
सिनेमावाले गेले. पेले न धुता गेले.
एर्मेलिंदाला म्हटलं, माझं ठरलं. ती म्हणाली, त्याने तुला रडणारी बाई म्हणून सांगितलं का? म्हटलं, सगळं काय सांगावं लागतं? तू फुलं विकतेस, तुला पाकळ्यांपुढे बुद्धी नाही.

२ नोव्हेंबर
मधले महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय झालं? वर्ग बंद पडला. बाईंचं लग्न झालं. त्यांनाही अक्कल नव्हतीच.
आज मृतांचा दिवस. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट केली. फाउस्तिनोचा फोटो, मीठ, पाणी, पाव. शेजारणी म्हणाल्या, त्याला मेझकालची दारू ठेव की, वर्षातून एकदा येतो. म्हटलं, ज्याने मेला तेच पुढे ठेवू? औषधाची बाटली ठेवली. या वेळी तरी घेईल.
एर्मेलिंदा म्हणाली, माक्लोव्हियाने उरुआपानला वेदी मांडली आहे, बापाला मेझकाल ठेवलाय. म्हणजे तो तिकडेच जाणार. मेल्यावरही लाज नाही.

११ मार्च
डायरेक्टरकडून काही नाही. भूत काढायला वेळ लागतो, बाईचा चेहरा सोपा नाही.
पेत्रोनिलो चौकात येता जाता म्हणतो, हिरॉईन, एक अतोले द्या. दिला. गार दिला.

१४ ऑक्टोबर
बोर्ड लागला! फिल्म तयार. सगळ्या देशात लागायच्या आधी आमच्या गावात फुकट दाखवणार, एक नोव्हेंबरला, शाळेच्या पटांगणात. बोर्डावर नदी आहे, चंद्र आहे आणि पांढऱ्या झग्यातली ती. केस उडतायत. कंबर दोन मुठींत मावेल. थोडं बारीक काढलंय मला, पण कार्टूनमध्ये तसंच करतात. नाक माझंच.
बोर्डाच्या कोपऱ्यात एक जाड बाई डाव घेऊन उभी आहे. ती कोण कुणास ठाऊक. गिचमिड काढलीय.

१५ ऑक्टोबर
एर्मेलिंदाने माक्लोव्हियाला फोन केला. येते म्हणाली! पोरीला घेऊन येते म्हणाली. एर्मेलिंदा मला काहीतरी सांगणार होती. बोर्डाकडे बघत होती, पुन्हा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, दोमितिला, तू त्या कोपऱ्यातल्या बाईचा अॅप्रन बघितलास का? म्हटलं, माझी पोर येतेय आणि तू अॅप्रन काय सांगतेस?

३० ऑक्टोबर
पांढरा ड्रेस शिवला. शिंप्याने कंबरेचं माप दोनदा घेतलं. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं. आंधळा आहे.
माक्लोव्हियाला काय म्हणायचं ते पाठ केलं: मागचं सगळं मी विसरले. बस, एवढंच. नवऱ्याबद्दल काही बोलायचं नाही. नाकाबद्दल काही बोलायचं नाही. हळू बोलायचं.

१ नोव्हेंबर, सकाळ
आज लहान मुलांचे आत्मे येतात. घराघरांत छोटी खेळणी, गोड पाव. माझ्या वेदीवरही एक साखरेची कवटी ठेवली, आमापोलासाठी. ती जिवंत आहे, तरी ठेवली. जिवंतांना दुसरं काय आवडतं ते मला माहीत नाही. येईल तेव्हा उचलून देईन.

२ नोव्हेंबर
काल लिहिलं नाही.
पहिल्या रांगेत बसले होते, पांढऱ्या ड्रेसमध्ये. माक्लोव्हिया उशिरा आली, मागे बसली. मान वळवून बघितलं. जाड झालीय. पोरगी मांडीवर, चेहरा दिसला नाही. म्हटलं, आधी फिल्म बघू दे, मग भेटू.
दिवे गेले. पांढरी बाई आली, नदीवरून तरंगत. काय केस, काय डोळे! मी डावीकडे बघून मान हलवली, उजवीकडे बघून मान हलवली. ती रडत दारोदार जाते आणि सगळे दारं लावून घेतात. बायका डोळे पुसत होत्या. आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा होता. घसा बसला असेल माझा त्या दिवशी, म्हणून बदलला असेल.
मग ती एका दाराशी जाते. ठक ठक. दार उघडतं. आत कोण? पातेल्याएवढी बाई. ओठांवर मिशी, हातात डाव. अशी ओरडली, अशी ओरडली की भुताचे केस सरळ झाले. सगळं पटांगण हसून लोळायला लागलं. मीही हसले. म्हटलं, अशा बायका गावोगाव असतात, बरं दाखवलं.
ती म्हणाली, पाय पूस आधी, नदीचा चिखल घेऊन आलीस घरभर.
माझं हसू अर्ध्यावर राहिलं. तिचा अॅप्रन निळा, खिशापाशी जळलेला. माझा आहे तसा. भूत पुढे आणि ती मागे डाव घेऊन, शेवटी भूत रडायचं विसरून पळालं. पोरं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. पेत्रोनिलो शिट्ट्या मारत होता. घोड्याला शिट्टी मारता येते हे मला माहीत नव्हतं.
तेव्हा मागून एक बारीक आवाज आला. आई, आई, हीच ना आजी?
पोरीने मला कधी बघितलेलं नाही. दोन महिन्यांची होती.
माक्लोव्हिया म्हणाली, श्श. नाही असं म्हणाली नाही. श्श म्हणाली.
फिल्म संपल्यावर लेओपोल्दो माझे हात धरून म्हणाला, दोन्या, तुमच्यामुळे फिल्म उभी राहिली, देशभर पोरं तुमच्यावर जीव टाकतील. मी त्याला म्हटलं, वेणी काप. त्याच्या जवळच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी काहीही बोलले तरी टाळ्या.
फाटकाजवळ माक्लोव्हिया उभी होती. मी पाठ केलेलं म्हणायला गेले. मागचं सगळं, एवढंच निघालं. आवाजही मोठा निघाला. पोरगी आईच्या झग्यामागे गेली. भुताला घाबरली नव्हती ती. मागून डोकं काढून मला म्हणाली, ती पांढरी बाई गेली ना पळून? मग अजून कुणाला ओरडतेस?
नाक बापाचं नाही. माझं आहे. मला ते सांगायचं होतं. पण नाकाबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून नाही बोलले. माक्लोव्हियाने जरा वाट पाहिली. मग म्हणाली, आई, आमची बस आहे. आणि गेल्या.
एर्मेलिंदा आज सकाळी आली. एकही टोमणा नाही. शेजारी बसून पाकळ्या खुडत राहिली. मला राग आला तिचा. माणसाने एवढं चांगलं वागू नये.
इथला मका हल्ली किडका येतो. उद्या चूल पेटवणार नाही. पहिल्या बसने उरुआपानच्या बाजारात जाऊन मका बघून येणार आहे. मक्याचंच काम आहे, दुसरं काही नाही. एर्मेलिंदाला पत्ता विचारला. बाजाराचा. तिने न विचारताच दोन लिहून दिले.