तळघराचा नकाशा

उज्जैन, ११ नोव्हेंबर १९९९

प्रिय श्रीरंगदादा,

फ्रीगंजमधून तू ती पहिली सीडी आणलीस, पडक्या महालाच्या गेमची, त्याला पाच वर्षं झाली. माऊस तुझ्या हातात, मी तुला खेटून, आणि मागे बाबा ग्राफपेपरवर महालाचा नकाशा काढत बसलेले. शेवटी पीडब्ल्यूडीतले ड्राफ्ट्समन! "नक्शा पूरा झाल्याशिवाय पुढचं दार उघडायचं नाही," म्हणायचे. तळघरात आपण तिघंही अटकलो. मग तू बंगलोरला गेलास आणि गेम तिथेच राहिला.

काल बाबा माधवनगरात दूध आणायला गेले, ते दोन तास आलेच नाहीत. शोधून शोधून मी परेशान झाले. शेवटी नानाखेड्याच्या बस स्टँडवर दिसले. हातात तोच ग्राफपेपर होता आणि एका कंडक्टरला ते तळघराचा जिना कुठे आहे, ते विचारत होते. लोक हसत होते.

घरी येऊन चहा प्यायल्यावर एकदम पहिल्यासारखे झाले. "श्रीरंगला कळवू नकोस, नाहक घाबरेल," म्हणाले. मी हो म्हटलं. म्हणून हे पत्र मी टाकणार नाहीये.

पण दादा, मला फार भीती वाटतेय. स्टँडवर मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, जरा मदत करा हो. माझी अंबू तळघरात राहिलीय. अंधाराला घाबरते ती."

तुझी,
अंबू