बँकेला वाहिलेला बेल

उदगीर, गुरुवार

आदरणीय अमरनाथ दाजींना सिद्धेश्वरचा शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्काला सांगा, तिनं पाठवलेली अर्धापूरची केळी पोचली (निम्मी एसटीतच चेंगरून शेजारणीच्या पदराला लागली, ते जाऊ द्या). इकडं सगळे मजेत, एक तुमच्या सासूबाई, म्हणजे आमची अव्वा सोडून.

अव्वाची श्रीशैलची गाडी येत्या सोमवारी. त्यासाठी म्हशीच्या दुधाचे बावीस हजार तिनं बँकेत जमवले होते. गेल्या रविवारी पासबुक बघितलं, तर त्यातले तीनशे चौपन्न गायब! मागं दोन महिने शिल्लक कमी पडली म्हणून तीनशे दंड, आणि दंडावर चौपन्न जीएसटी. (दंडावर कर, दाजी! चापट मारायची आणि वर हात दुखल्याचे पैसे मागायचे.)

त्याच वेळी मी दुकानात रद्दीच्या पेपरात शेंगदाण्याची पुडी बांधत होतो. सवयीनं मोठ्यानं वाचलं, 'बुडत्या बँकांना सरकारचा बेलआउट, बोजा करदात्यांवर.' झालं! अव्वाचा सगळा जन्म परड्यातल्या बेलाखाली गेलेला. तिनं विचारलं, बँकेला बी बेल वाहतात का रे? मी समजावलं की हा बेल तसला न्हाई. मोठी माणसं कर्ज बुडवतात, बँकेला खड्डा पडतो, आणि सरकार तो लोकांच्या करातून भरतं. अव्वा म्हणाली, माझे चौपन्न बी त्यातच का? हाव, म्हटलं, त्यातच. तिनं पासबुक मिटलं. मग म्हणाली, "म्हंजे आमचं कमी पडलं की दंड, आन् त्यांचं कमी पडलं की बेल!"

सोमवारी टोपलीभर बेल घेऊन अव्वा बँकेत, मागं मी (दुकान उघडं टाकून). मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर तिनं एकेक पान पालथं वाहायला घेतलं. साहेब नवे, परगावचे. इथली काही रीत असेल म्हणून बूट काढून हात जोडून उभे राहिले. रांगेतल्या चौघांनी नमस्कार केला, एकानं तर दहा रुपये ठेवले (ते अव्वानं वसुलीत धरले). शेवटी ती म्हणाली, बेल झाला, आता पाव आन् माझे पैसे दे. साहेब म्हणाले, सिस्टिमनं कापलेत, माझ्या हातात काही न्हाई. अव्वानं तिथल्या तिथं अंगठा देऊन होते न्हवते तेवढे सगळे काढले, माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, आजपासून तूच माझी बँक. खरं सांगतो, दाजी, मला लई भरून आलं.

तुम्ही तीस वर्षं बँकेत काढली. करदात्याशी असं वागतात का, तुम्हीच सांगा.

तुमचा मेहुणा,
सिद्धेश्वर

ता. क. करदाता म्हणजे अव्वा. माझ्या दुकानातल्या कच्च्या बिलांचा विषय कृपया काढू नये.

ता. क. दुसरा. अव्वाचे पैसे सुखरूप आहेत, फक्त तेलाच्या डब्यांत आहेत. भाव चढणार अशी पक्की खबर होती म्हणून मंगळवारी डबे भरले. बुधवारी भाव पडला. पत्र घेऊन आलेले हणमंतराव चहा पिऊन लगेच निघणार आहेत, त्यांच्याजवळ बावीस हजार द्यावेत. (अक्काला कळवू नये.)

ता. क. शेवटचा. शक्यतो चहाआधीच द्यावेत. आज सकाळी दुकान उघडलं तर माझ्या गल्ल्यावर एक बेलपान पालथं ठेवलेलं होतं.