आबांच्या दुनळीचं कुंकू

आर. के. पुरम, दिल्ली
१२ सप्टेंबर २०२५

चि. वीणास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. उचलला की तू रडतेस, मी विरघळते, मुद्दा राहतो. म्हणून पत्र.

तू बेल्जियमला चाललीस हे धीरजने मला पुष्करचं स्टेटस दाखवलं तेव्हा कळलं. सख्ख्या बहिणीला स्टेटसवरून! पुष्करचं ऑफिसचं काम, आईला बरोबर नेतोय, गुणी पोर. आमचा धीरज मला कॅनॉट प्लेसला नेतो, तेही मेट्रोने.

पण स्टेटसमध्ये लिहिलेल्या त्या लिएज गावच्या बंदुकांच्या म्युझियमात तू काय करणार गं? आपल्या आबांची दुनळी बंदूक लिएजचीच. नळीवरची बारीक अक्षरं बोटाने चाचपून मला पाठ. दर खंडेनवमीला तेल मी लावायचे, हळदकुंकू मी वाहायचे. पूजेनंतर आबा बार काढायचे म्हणून तू गोठ्यात, कानात बोटं घालून! आबा गेले, बंदूक चौकीत जमा झाली, तेव्हा म्हणालीस, बरं झालं, ब्याद गेली. आणि आता फोटो काढायला तू!

जळते मी. लपवाछपवी मला जमत नाही. जा. स्वेटर घे.

लोभ आहेच, सध्या जरा कमी आहे.
ताई


गुरुग्राम
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि. कालच परत आलो. तुला आधी सांगितलं नाही, कारण बंदुकीइतकीच मला तुझ्या आवाजाची भीती वाटते.

नेमके खंडेनवमीला लिएजला पोचलो. पुष्कर म्हणत होता, आधी चॉकलेट खाऊ. मी म्हटलं, बिल्कुल नाही, आधी म्युझियम. तिथे काचेच्या कपाटात तशीच दुनळी. पर्समध्ये हळदकुंकवाची डबी होती. काचेवर बोट टेकवणार तेवढ्यात गार्ड आला. पुष्करला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याने समजावलं. गार्ड हसला, खुणेने म्हणाला, छोटासा ठिपका लाव, मग पूस.

आणि मला आठवेना, ताई. हळद आधी की कुंकू? नळीला की दस्त्याला? मी गोठ्यात असायचे ना. तिथूनच तुला फोन लावला. वाजत राहिला. गार्ड बिचारा थांबला, मग दुसऱ्या दालनात गेला. मी डबी मिटून परत आणली. फोटो सोबत पाठवते.

राग उतरला की लोभ असू दे.
तुझी वीणा


आर. के. पुरम
९ ऑक्टोबर २०२५

चि. वीणास,
आशीर्वाद. तुझा फोन आला तेव्हा मी समोरच तांदूळ निवडत होते. नाव बघून फोन उलटा ठेवला. म्हटलं, आता चॉकलेटचं कौतुक ऐकवेल. मला काय ठाऊक तू कुठे उभी आहेस!

हळद आधी, मग कुंकू, नळीला. दस्त्याला फूल. एवढंसुद्धा येऊ नये?

फोटोतली काही आपली नव्हे. आपलीचा दस्ता आबांच्या गालाने गुळगुळीत झालेला, हा कोरा. घोडे मात्र तसेच. भिंग लावून बघितलं. अजून जळतेच आहे.

धीरजला म्हटलं, माझा पासपोर्ट काढ. म्हणतो, आई, गुडघ्यांचं काय? म्हटलं, त्यांचाही काढ.

डबी उघडू नकोस. तिथलं कुंकू मीच लावणार. तू शेजारी उभी राहा, कानात बोटं घालायची तर घाल.

लोभ पूर्वीइतका.
ताई

ता. क. पत्र वाचलंस की फोन कर. उचलते.