सिस्टर इनेसच्या आईला

राजूर, मंगळवार, जानेवारी १९६२

आमच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टर इनेस तापाने गेल्या. डॉक्टरांनी स्पेनमधल्या त्यांच्या आईला इंग्रजीत लिहिलं, 'शेवटी ती क्वाएट होती,' आणि स्पॅनिश करायला मला दिलं. सिस्टरांनीच शिकवलेली भाषा, दुसरं कोण करणार? पण स्पॅनिशमध्ये निवडावं लागतं. 'त्रांकिला' म्हणजे निवांत, 'कायादा' म्हणजे गप्प. इंग्रजीत एकच शब्द दोन्हीला चालून जातो. मी उशाशी होते. सिस्टर गप्प होत्या, तापाने जीभच वळत नव्हती. मुठीत चादर आवळलेली. निवांत माणूस अशी चादर धरतो का?

बाबांना विचारलं. घरी अक्षरं शिकवताना एक काना चुकला तरी पूर्ण पाटी पुसायला लावणारे बाबा. म्हणाले, "निवांत लिह. त्या मायले कायले जाळतं, पोरी?"

'त्रांकिला' लिहिलं. डॉक्टरांनी सही केली, पत्र टपालात गेलं. ती चादर मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. आणि आता सुचतंय, निवांत होती म्हटल्यावर ती आई विचारणारच, माझी लेक शेवटी माझ्यासाठी काय बोलली? ते शब्दही मलाच बनवावे लागतील.